क्लाइव्ह टिबेटचा सहा नंबर

क्लाइव्ह टिबेट टॅरिंजप गावात पहिल्यांदा आला तो दिवस गावातली माणसं अजून सांगतात, आणि दर वेळी त्यात थोडी भर घालतात. त्याच्या मोटारीमागच्या ट्रेलरवर म्हणे एवढं सामान रचलेलं होतं की गव्हाच्या कोठारापाशी ते आडवं येताच सूर्य मावळला असं समजून कोंबड्या खुराड्यात शिरल्या. डोक्यावर कोरी करकरीत हॅट होती. तिच्या सावलीत दहा मेंढ्या आरामात बसल्या असत्या. ती घालून तो पबच्या दारातून आत शिरायला निघाला, तेव्हा दार माघार घेतं की हॅट, हे बघायला आतल्या लोकांनी हातातले ग्लास खाली ठेवले. शेवटी क्लाइव्ह तिरका होऊन आत आला. बारपाशी उभं राहून त्याने जाहीर केलं की आपण पर्थ सोडून कायमचे इथे आलो आहोत, पाण्याच्या टाक्या विकणार आहोत, आणि आजपासून आपल्याला इथलाच माणूस समजावं. राज्यपालाने दुष्काळी भागाला भेट द्यावी असा एकूण थाट होता. मेंढ्यांचे लिलाव पुकारणारा लेस डनिंग बारवर कोपर टेकून बसला होता. त्याने क्लाइव्हला हॅटपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मग, कधीपर्यंत आहेस?"

या प्रश्नाला आता एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात एक सोडून टॅरिंजपच्या प्रत्येक शेतावर क्लाइव्हची टाकी उभी राहिली. गाव त्याच्या टाकीतलं पाणी पितं, त्याच्या टाकीतल्या पाण्याने अंघोळ करतं, मेंढ्यांना तेच पाजतं. तरीही लेसचा प्रश्न मागे घेतला गेलेला नाही.

टॅरिंजपमध्ये माणूस गावचा झाला की नाही, हे ठरवायची कसोटी साधी आहे. रस्त्यावर समोरून गाडी आली की चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरची तर्जनी उचलायची. हात हलवायचा नाही, हसायचं नाही, चेहऱ्यावरची माशीही उठता कामा नये. फक्त एक बोट, तेही अर्धंच. ते बोट तुमच्यासाठी उठलं की तुम्ही गावचे. नाही उठलं तर तुम्ही तिथे शंभर वर्षं राहा आणि तिथल्याच दफनभूमीत जा, लोक तुम्हाला पाहुणाच म्हणणार.

क्लाइव्हला ते बोट हवं होतं. माणसाला देव हवा असतो, मूल हवं असतं, निदान पेन्शन तरी हवी असते. या साठी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, चार जिल्ह्यांत टाक्या विकणाऱ्या गृहस्थाला आयुष्यात फक्त एक अर्धं बोट हवं होतं. कधी कुणी जरा मान हलवल्यासारखं करी, पण ते रस्त्यातल्या खड्ड्यामुळेही असू शकतं हे त्याला कळत होतं.

याउलट त्याची बायको ग्लेनिस. तिची पिकअप जुनी, एका बाजूने चेपलेली, एक दार दुसऱ्याच रंगाचं. ती रस्त्याला लागली की समोरच्या प्रत्येक गाडीतून बोट उठायचं. काही जण तर अख्खा पंजा उचलायचे, आणि शाळेच्या बसचा ड्रायव्हर दिवे लुकलुकवायचा. ग्लेनिस गावातल्या मुलींना नेटबॉल शिकवते, कुणी आजारी असलं की सूप पोहोचवते, आणि हे सगळं करताना आपण काही करतो आहोत असं तिच्या लक्षातही येत नाही. एकदा तिच्या शेजारी बसून जाताना क्लाइव्हने न राहवून विचारलं, की हे लोक तुलाच का बोट दाखवतात?

"मला काय माहीत," ग्लेनिस म्हणाली. "ते वर करतात, म्हणून मीही करते. तू ती खिडकी जरा खाली कर, मेंढीचा वास येतोय."

क्लाइव्हने मग स्वतःच निदान केलं. दोष त्याच्यात नव्हता, नंबरप्लेटमध्ये होता.

पहिला उपाय त्याने केला तो स्वतःच्या नावाचा. पैसे भरून गाडीला "क्लाइव्ह १" अशी खास पाटी घेतली. स्वतःचं नाव गाडीवर लिहून घेणारा माणूस एक तर स्वतःचं नाव विसरायला लागलेला असतो किंवा इतरांनी ते विसरू नये म्हणून घायकुतीला आलेला असतो, आणि गावाने यातलं खरं काय ते लगेच ओळखलं. पबमध्ये रोज कुणी ना कुणी गंभीर चेहऱ्याने चौकशी करी, की क्लाइव्ह दोन कुठे असतो, त्याची तब्येत कशी आहे. कृषी प्रदर्शनात तर कुणीतरी एका बोकडाच्या गळ्यात "क्लाइव्ह २" अशी पाटी अडकवली आणि त्या बोकडाला तिसरं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी क्लाइव्हने आपली पाटी उतरवली.

पण त्या अपमानातून त्याला एक ज्ञान झालं. या भागात नावांना किंमत नाही, आकड्यांना आहे. टॅरिंजप तालुक्याच्या जुन्या पाट्या "टीजे" या अक्षरांनी सुरू होतात, आणि पुढचा आकडा जितका लहान, तितकं घराणं जुनं. टीजे एक सभापतीच्या गाडीला. टीजे दोन आणि तीन दोन सख्ख्या भावांकडे, आणि दोन कुणाला मिळाला यावरून ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत. टीजे चार एका गंजलेल्या ट्रकला आहे. तो ट्रक चालत नाही, त्यात कोंबड्या राहतात, पण पाटी महिन्यातून एकदा पुसली जाते. एक-आकडी पाटी बापाकडून मुलाकडे जाते. ती विकायची गोष्ट नव्हे.

म्हणून टीजे सहा लिलावात निघणार हे कळताच क्लाइव्हची झोप उडाली. पाटी अर्न क्रॅडॉकची. अर्न नुकताच मेला होता. त्याच्या बायकोने, डॉटने, स्वतः स्क्रू काढून ती पाटी तालुका कचेरीच्या टेबलावर आणून टाकली होती, आणि जलतरण तलावावर छप्पर घालायला पैसे हवे होते म्हणून कचेरीने ती लिलावात काढायचं ठरवलं. डॉटला दोन धडधाकट मुलगे होते आणि दोघांकडेही गाड्या होत्या. शुद्धीवरच्या माणसाला इथेच शंका आली असती. क्लाइव्हला वाटलं, बिचारे अडचणीत असतील.

अर्नबद्दल त्याला काय माहीत होतं? एवढंच, की तालुक्यात त्याच्याकडून टाकी न घेतलेला तो एकमेव माणूस. बाकीचं गावाला माहीत होतं, पण ते परक्यासमोर बोलायची गावाची पद्धत नव्हती. आणि क्लाइव्हसमोर ते कधी कुणी बोललं नाही, यातच क्लाइव्ह कोण होता ते आलं.

घरी मात्र तो टीजे सहावर व्याख्यानं देऊ लागला. सहा हा आकडा कसा गोल आहे, कसा भारदस्त आहे, पांढऱ्या गाडीवर कसा उठून दिसेल. ग्लेनिस भांडी घासत होती. एकदा मध्येच तिने, "अर्नची पाटी ना? अरे, पण तो..." अशी सुरुवात केली. क्लाइव्हने हात वर करून तिला थांबवलं आणि सांगितलं की भावनेच्या भरात तिने त्याला अडवू नये. ग्लेनिसने खांदे उडवले आणि ती तव्याकडे वळली.

लिलाव गावाच्या सभागृहात झाला. सगळं गाव हजर होतं, कारण चहा फुकट होता. लेस डनिंग पुकारायला उभा राहिला. त्याने भलीमोठी रक्कम सांगून सुरुवात केली, मग तिच्या निम्मी, मग आणखी निम्मी. कुणीही हललं नाही. लोक आपापल्या बुटांकडे बघत बसले. क्लाइव्हने बोली लावली. शांतता. त्या शांततेचा अर्थ क्लाइव्हने आपल्या परीने लावला: गाव बाजूला सरून त्याला वाट करून देत होतं. इतक्या मानाची वस्तू इतक्या कमी किमतीत उचलणं बरं दिसणार नाही, असं वाटून त्याने स्वतःच्याच बोलीवर आणखी चढी बोली लावली.

लेसने हातोडा खाली ठेवला. "क्लाइव्ह, तू आत्ता तुझ्याशीच भांडतोयस."

"किंमत राहिली पाहिजे," क्लाइव्ह म्हणाला.

त्यावर मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. खोकला पुढच्या रांगांत पसरला. टाळ्या वाजल्या त्या छपरासाठी. क्लाइव्हने उठून सर्व दिशांना मान झुकवून त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन तो पर्थच्या रस्त्याला लागला. पर्थमध्ये त्याचं काहीही काम नव्हतं. समोरून पहिली गाडी आली ती लेसची. क्लाइव्हने आपली तर्जनी तयार ठेवली, सराव केल्याप्रमाणे अर्धी. लेसचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि नजर डावीकडच्या कुंपणावर होती. दुसरी गाडी आली, तिच्यातली बाईही कुंपण बघत होती. तिसऱ्या गाडीतला तरुण तर असा मान वळवून गेला की क्लाइव्हने थांबून त्या कुंपणाकडे बघितलं. कुंपणात बघण्यासारखं काही नव्हतं. पूर्वी खड्ड्यामुळे का होईना, मान हलायची. आता तीही गेली.

त्याला वाटलं, काचेवर ऊन चमकत असेल. त्याने काच पुसली. वाटलं, वेग जास्त असेल. तो इतका हळू जाऊ लागला की मागे गव्हाच्या ट्रकांची रांग लागली आणि ड्रायव्हरांनी त्याला वेगळ्या भाषेत ओळख दिली. मग त्याने हॉर्न वाजवून बघितला. शाळेची बस समोरून आली तेव्हा आतली मुलं एका ओळीत कुंपणाकडे वळली, कवायतीत वळावीत तशी.

पेट्रोल पंपावर मार्ज नळी हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पैसे आधी, राजा."

क्लाइव्हने तिला एकोणीस वर्षांच्या खात्याची आठवण करून दिली. मार्जने पाटीकडे बोट केलं. गावातलं पहिलं बोट त्याच्या गाडीसाठी उठलं ते असं. या पाटीने आधी तिच्याकडून पेट्रोल भरून घ्यायचं आणि पैसे न देता निघून जायचं, असं अनेक वर्षं चाललं होतं, आणि तिचा हात आता आपोआप नळी धरून थांबतो, त्याला ती काय करणार?

त्या संध्याकाळी क्लाइव्ह पबमध्ये लेससमोर जाऊन बसला. लेसने मग सगळं सांगितलं, फार न खुलवता. शेजाऱ्याचा ओढा अर्नने स्वतःकडे वळवला होता. मेंढ्या राखणारा एक कुत्रा कुंपण ओलांडून आला म्हणून त्याला गोळी घातली होती. आणि रानात वणवा पेटला त्या उन्हाळ्यात, पाण्याने भरलेला टँकर शेडमध्ये कुलूप लावून ठेवला होता. शेजारच्या हॅनराहनांचं घर जळताना त्या शेडमधून दिसत होतं. त्या दिवसापासून टीजे सहा दिसला की गाव दुसरीकडे बघतं. इथे मुलाला गाडी शिकवताना ब्रेक, क्लच आणि मग हे, असं शिकवतात.

"पण तो मेला," क्लाइव्ह म्हणाला. "आत मी बसलेला असतो. दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतोस की," लेस म्हणाला. "पण हात ऐकत नाही, बाबा. पंधरा वर्षांची सवय आहे."

"लिलावात सांगायचं ना मग."

"तुझ्याविरुद्ध कुणी बोली लावली का?" लेसने ग्लास संपवला. "आम्ही ज्याला त्याला तसंच सांगतो."

शहाण्याने त्याच रात्री स्क्रू काढले असते. पण ज्या माणसाने स्वतःशीच भांडून वस्तू घेतली, तो ती इतक्या सहज सोडत नसतो. क्लाइव्हने गाडीच्या दोन्ही दारांवर हातभर अक्षरांत "क्लाइव्ह टिबेट, पाण्याच्या टाक्या" असं रंगवून घेतलं, म्हणजे आत कोण आहे याबद्दल संशय नको. त्याचा परिणाम एवढाच झाला की टाक्यांच्या ऑर्डरी कमी झाल्या. तालुक्याच्या पलीकडच्या भागात तर, हा अर्नचा चुलतभाऊ असावा असं लोक धरून चालले.

ग्लेनिसने त्याला विचारलं, की आता तरी ऐकायचं आहे का? त्याने मान हलवली. मग ती म्हणाली, "त्या वणव्यात मी हॅनराहनांच्या घरी बादल्या भरत होते. तू पर्थला टाक्यांच्या प्रदर्शनात होतास. परत आलास तेव्हा मी सगळं सांगायला लागले, तर तू मला तीन नव्या झाकणांचे फोटो दाखवलेस."

क्लाइव्हला ती झाकणं आठवली. चांगली होती. बाकी काही आठवलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी तो क्रॅडॉकांच्या शेतावरून जात होता. डॉट रस्त्यालगतच्या ओसरीत मटार सोलत बसली होती. गाडी दिसताच ती उठली, कठड्याशी आली आणि तिने हात वर केला. एकोणीस वर्षांनी, तेही क्रॅडॉकांच्या घरातून. त्याने गाडी जवळजवळ थांबवली. डॉटच्या हाताचं एकच बोट ताठ उभं होतं. पण ते तर्जनीच्या शेजारचं होतं.

ते तिने बराच वेळ उभं ठेवलं, मग नाकावरचा चष्मा वर सारून ती गाडीत डोकावली आणि तिथूनच ओरडून म्हणाली, "अरे, तू टाकीवाला होय? मला वाटलं, तो परत आला."

क्लाइव्हने घरी येऊन गॅरेजमध्ये स्क्रूड्रायव्हर शोधला. तो सापडला नाही, म्हणून ग्लेनिसचा लोणी लावायचा चाकू वापरला, आणि तो वाकला.

सोमवारी त्याने पाटी कचेरीत परत केली. त्याला पुढचा मोकळा नंबर मिळाला, टीजे ४१८२. कचेरीने टीजे सहा पुन्हा एकदा लिलावात काढून बघितला. बोली लागली नाही. तो सध्या कचेरीच्या गवत कापायच्या ट्रॅक्टरला लावलेला आहे.