तापलेला गुडघा

हाडं बसवणाऱ्यांविरुद्ध पत्रक मीच लिहिलं होतं. त्याच्या प्रती घेऊन अकोले तालुक्यातल्या एका वाडीत हाडं बसवणाऱ्या एका बाईच्या दारात गेलो, तो तिला फैलावर घ्यायच्या तयारीनंच.

ओट्यावर एक बाप आठेक वर्षांच्या लेकीला घेऊन बसला होता. "मावशे, गुडघा लचकलाय. चोळून दे."

बाईनं पदराला हात पुसला आणि पंजाची पाठ आधी चांगल्या गुडघ्यावर टेकवली, मग सुजलेल्यावर.

"पडल्ती का?"

"न्हाई."

"ताप?"

"दोन दिस हाय."

पाय जरासा हलवताच पोर कळवळली. बाईनं तेलाची वाटी बाजूला सारली.

"लचकलेला गुडघा असा भाजत न्हाई. आत पू हाय. म्या चोळलं तर पोर जन्माची लंगडी व्हईल. दवाखान्यात ने."

"उद्या नेतो."

"उद्या सांधा सडल. आत्ताच्या जीपनं जा." मग माझ्याकडे वळली. "आन् तू रं, कागद काय वाटत बसलास? शिकलेला दिसतोस, जा यांच्यासंगं."

गेलो. डॉक्टरांनी सुईनं पू काढून तपासायला दिला, त्याच दिवशी सांधा धुतला, शिरेतून औषध सुरू केलं. वेळेत आणलंत, म्हणाले.

एवढ्या वाड्यांत हे ओळखणारं सरकारी माणूस एकही नव्हतं, याची चीड मला अजून आहे. पण ओळखणारं कुणीच नव्हतं, असं आता मी म्हणत नाही. त्या बाईचं नाव मात्र विचारायचं राहिलं.

दोनेक महिन्यांनी त्या बाजूला गेलो, तेव्हा ती पोर भाताच्या खाचरात दोन्ही गुडघे दुमडून बसली होती आणि खेकड्याचं बीळ उकरत होती.