चूक ऐकली की हात वर

माझे आजोबा मास्तर होते आणि मारायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली जो तो आपल्या आजोबाला देवमाणूस करून बसतो. आमच्या आजोबांची छडी निर्गुडीची, आणि ती हवेत असतानाच पोरं डोळे मिटायची. पण मला आई नव्हती, आणि रोज सकाळी माझ्या दोन वेण्या तेच घालायचे. ज्या बोटांनी शाळेत छडी धरायचे, त्याच बोटांनी माझ्या केसांना तेल चोपडायचे, आणि पेटीही त्याच बोटांनी वाजवायचे. माझा त्यांच्यावर लई जीव होता.

आमचं गाव मुदखेडच्या अलीकडं. ख्रिस्ती घरं बारा-पंधरा. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, आणि देऊळ अन् शाळा एकाच पत्र्याच्या खोलीत. आठवडाभर तिथं पाढे चालायचे आणि शनिवारी दुपारी रविवारच्या गीतांची तालीम. तालमीचा नियम एकच. गाताना कुणी चुकलं आणि ते ज्याला ऐकू आलं, त्यानं तिथल्या तिथं हात वर करायचा. लहान-मोठं बघायचं नाही. चुकेल त्याला एक छडी, ऐकून गप्प बसेल त्याला दोन. एकदा पेटीवर खुद्द आजोबा चुकले आणि मी हात वर केला. त्यांनी छडी माझ्या हातात दिली आणि स्वतःचा तळवा पुढं केला. मला मारवेना. तर म्हणाले, "जोरात मार. नियम हाय."

निजामाचं राज्य जायच्या शेवटच्या वर्षी हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरून राहिल्या होत्या. आमच्याकडं आली ती टोळी बाहेरगावची. त्यांनी पहिल्यांदा लिंगायत वाण्याचं दुकान फोडलं. तो काँग्रेसवाल्यांना भाकरी पुरवतो असा त्याच्यावर आळ होता. त्याला दुकानाच्या पायरीवर ओढून भाल्यानं भोसकलं. एकदा नाही, चार-पाचदा. गुळाच्या ढेपींवर रक्त उडालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, पुढं कित्येक वर्षं मला गूळ गिळवत नव्हता. मग दुकान पेटवलं आणि त्याच्या बायकोला शोधायला लागले. दागिने कुठं पुरलेत ते तिलाच ठाऊक होतं.

ती मागच्या भिंतीवरून उडी टाकून आमच्या परसात आली होती. पायाला फुटलेलं कौल लागून रक्त वाहत होतं आणि ती रडत नव्हती. आजोबांनी तिला माझ्या आईचं लुगडं दिलं, कपाळावरची विभूती पुसायला लावली. तिनं सगळं ऐकलं. फक्त गळ्यातलं लिंग काढायला ती तयार होईना.

"मास्तर, हे जीव गेल्यावरच निघंल."

"राहू द्या अक्का," आजोबा म्हणाले. "पदराखाली राहू द्या."

तिला कुणी विचारलंच तर आमच्यातलीच वाटावी, म्हणून तीन दिवस ते तिला एक गीत शिकवत होते. चार कडवी. ती चुकायची आणि आजोबा एकदाही रागवायचे नाहीत. मला तिचा राग आला, खरं सांगते. नवरा मेलेल्या बाईचा मला राग आला, कारण मला त्याच गीताला छड्या बसल्या होत्या.

टोळीवाले शनिवारीच आले, भर तालमीत. सहा-सातजण, खांद्याला बंदुका, एकाच्या हातात भाला. म्होरक्यानं दारातच एका पोराला लाथ घातली आणि आजोबांना विचारलं, "ये सब तुमारेच लोगां?"

"हाव. सगळी आमचीच."

त्यानं सतरंजीवर बसलेल्या एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि बंदुकीची नळी अक्कांच्या हनुवटीखाली लावली. "ये गाएगी. अकेली."

आजोबांनी पेटी धरली. अक्का गायला लागल्या. पहिलं कडवं नीट गेलं. मग त्यांनी दुसरं सोडून थेट तिसरं धरलं. आजोबा पेटीवर गुमान त्यांच्यामागून गेले. बाहेरच्या माणसाला काही कळलंच नसतं.

मी हात वर केला.

का, ते आजवर मला सांगता येत नाही. अंगातच भिनलेलं होतं. हात वर गेला आणि मग मला कळलं की तो वर आहे. गाणं थांबलं. म्होरक्या माझ्याकडं आला.

"हात क्यों उठाई? बोल, कौन चूका?"

अक्का खाली बघत होत्या. पदराखाली त्यांची मूठ लिंगावर आवळलेली मला दिसत होती. मी आजोबांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यानं खुणावलं नाही. नुसता उजवा हात पेटीवरून उचलला आणि तळवा वर करून झाकणावर ठेवला, त्या दिवशी छडीसाठी माझ्यापुढं केला होता तसाच. मला समजलं.

"आजोबा चुकले," मी म्हणाले. "कडवं त्यांनी सोडलं. चुकेल त्याला मार बसतो."

म्होरक्या हसला. पेटीवरची छडी त्यानं उचलून पाहिली आणि फेकून दिली. मग बंदूक उलटी धरली आणि दस्ता आजोबांच्या हातावर घातला. तीनदा. पहिल्याला हाडं वाजली. दुसऱ्याला पेटीचं झाकण फुटलं. तिसऱ्याला आजोबा ओरडले, आणि त्यांचं ओरडणं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मग ती माणसं हसत हसत निघून गेली.

अक्का वाचल्या. फौज आली, निजामी संपली, त्यांचा भाऊ येऊन त्यांना उदगीरकडं घेऊन गेला. जाताना त्या आजोबांच्या पाया पडल्या आणि माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांचं काय चुकलं? आजोबांची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. माझ्या वेण्या मी घालायला शिकले, वाकड्या. पेटी मी वाजवायची आणि भाता त्यांनी डाव्या हातानं हलवायचा, असं ठरलं.

तालीम पुन्हा सुरू झाली त्या शनिवारी एका पोरानं दुसरं कडवं सोडलं. मला स्वच्छ ऐकू आलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

भाता थांबला. "ऐकलंस?" आजोबांनी विचारलं.

"न्हाई."

"ऐकलंस तू."

मी रडायला लागले. मला वाटलं आता दोन बसणार, आणि बसाव्यात असंच मला वाटत होतं. त्यांनी छडीकडं पाहिलंही नाही. माझा हात मांडीखालून ओढून काढला. त्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती वळेनात, म्हणून मोडका तळवा खाली लावून त्यांनी माझा हात वर उचलला, आणि वरच धरून ठेवला.

"आता सांग. कोण चुकलं?"

मी त्या पोराचं नाव सांगितलं.