थांबमायच्या माळावर

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, विसराळूपणा वाढत गेला आणि एक दिवस ते मलाही ओळखेनासे झाले. मी चिडायचे, पुन्हा पुन्हा आठवण करून द्यायचे. आपलं ऐकणारं वर कुणी आहे, यावरचा माझा विश्वास त्याच दिवसांत उडाला.

उन्हाळ्यात एका नातलगाचं लग्न आटोपून आम्ही निलंग्याच्या बसस्थानकावर आलो. अण्णांना बाकड्यावर बसवून मी पाणी आणायला गेले. परत येऊन पाहते तर बाकडं रिकामं! फलाट, रसवंती, बाहेरचा रस्ता, सगळीकडे धावले. शेवटी एक चहावाला म्हणाला, "म्हातारबाबा थांबमायची गाडी इचारत होते. तसलं गाव इकडं न्हाई, म्हणलं मी."

मीही हे नाव कधी ऐकलं नव्हतं. मी खालीच बसले. डोळे मिटून म्हटलं, आता माझ्याच्यानं होत नाही, तूच बघ.

शेजारी बांगड्या विकणारी एक वयस्कर मुसलमान बाई माझ्याकडे बघत होती. "थांबमाय म्हणलं का कुणी?" ती जवळ आली. "माझं माहेर हाय ते. कागदावर नाव दुसरंच हाय, बाई. जुनी माणसंच थांबमाय म्हणतेत." तिनं बांगड्यांची पेटी चहावाल्याकडे ठेवली आणि माझ्याबरोबर काळीपिवळी जीपमध्ये बसली.

वाटेत माझा हात धरून तिनं नावामागची गोष्ट सांगितली. एक सासुरवाशीण भर उन्हात माहेरी निघाली होती. पायाला फोड आलेले, पुढं एक अनोळखी बाई चाललेली. पोरीनं हाक मारली, "थांब गं माय!" ती बाई थांबली, सावली धरली, पोरीला माहेरी धाडलं आणि स्वतः तिथंच राहिली. ती देवी होती. "आमी बी तिला मायच म्हणतो," बांगडीवाली म्हणाली.

माळावर लिंबाखाली शेंदूर लावलेला एक दगड होता, आणि त्याला टेकून अण्णा बसले होते. इथं त्यांना कुणी आणून सोडलं, ते आजवर कळलेलं नाही. गावातल्या एका म्हातारीकडून समजलं की अण्णांच्या आईचं माहेर हेच.

मी रडतच पुढं गेले. अण्णांनी मला ओळखलं नाही. पण ते थोडे सरकले, धोतराच्या सोग्यानं जमीन झाडली आणि म्हणाले, "बस बाई. लई लांबून आलीस, दमली असशील."

मी कोण ते सांगितलं नाही. त्यांच्या खांद्याला टेकून बसले. किती तरी महिन्यांनी आमच्या दोघांतलं भांडण थांबलं होतं. बांगडीवाली जरा दूर, पदरानं डोळे पुसत उभी होती. तिला मी वाकून नमस्कार केला, तेव्हा मनातून दगडालाही झाला.

आता अण्णा मला कधी बहीण समजतात, कधी आई. ज्या नावानं हाक मारतील, त्या नावाला मी ओ देते.