उलटी गुंडाळलेली तार

माझे थोरले मामा जुन्या गिटारींची पिकअप दुरुस्त करतात. म्हणजे नेमकं काय, हे आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. ते बिघडलेले रेडिओ घेऊन येतात. पिकअप म्हणजे गिटारीच्या तारांखाली बसणारी चपटी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढेच वेढे. गिटारीची थरथर ही डबी पकडते, म्हणून आवाज स्पीकरमधून निघतो. फुगीर कोरलेल्या पोटाच्या, व्हायोलिनसारख्या भोकांच्या जुन्या गिटारींना पूर्वी बसवलेली ही पिकअप आता म्हातारी झाली आहेत. आत कुठेतरी तार तुटते आणि लोक मामांकडे धाव घेतात. मामा सगळी तार नव्याने भरतात. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही. शिंक आली तर बाहेर जायचं.

त्यांच्या शेजारचं स्टूल धाकट्या मामांचं. आजोबांनी स्वतः कोरलेल्या गिटारीला धाकट्या मामांनी पिकअप बसवण्यासाठी करवतीने भोक पाडलं, तेव्हा थोरले मामा संतापून म्हणाले होते, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." भाऊ त्यांचाच, त्याने ते अक्षरशः पाळलं. मामीने त्या स्टुलावर धुतलेले कपडे ठेवले की मामा ते मुकाट्याने उचलून दुसरीकडे ठेवतात. त्यांना भावाची आठवण येते, रोज येते. पण नाव काढायचं म्हटलं की यांचं तोंड शिवलेलं.

परवा एक वादक आला. त्याच्या गिटारीला दोन पिकअप होती.

"एकेकटं लावलं की झकास वाजतं," तो म्हणाला. "दोन्ही एकदम लावली की आवाज पार मेलेला. यातलं एक नुकतंच बाहेरगावी भरून घेतलंय."

मामांनी ते उघडलं, भिंगातून पाहिलं आणि पाहतच राहिले. तार उलट्या बाजूने गुंडाळलेली होती. एक सुलट, एक उलट. म्हणून दोघांचे आवाज एकमेकांना खाऊन टाकत होते.

"भरणारा डावखुरा आहे?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"सारखं नाक ओढतो?"

"अगदी!" वादक हसला.

मामी आतून धावत आली. "अहो, भावजीच! सुखरूप आहेत!" ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. मामांनी भिंग खाली ठेवलं.

"त्याला अजून माहीतच नाही गं," ते म्हणाले. "तो कायम उलटीच भरायचा. चहाला उठला की बाबा गुपचूप बाहेरच्या दोन वायरींची अदलाबदल करायचे, झालं काम. बाबांनंतर मी करायचो. तो मनाला लावून घेईल म्हणून कुणी सांगितलंच नाही. आणि हे तसंच बाहेर पडलंय. म्हणजे त्याच्याजवळ कुणीच नाही."

त्यांनी वायरी बदलल्या. दोन्ही पिकअप एकदम भरदार वाजू लागली.

"पुढच्या खेपेला सांगतो त्यांना," वादक खुशीत म्हणाला, "तुमची चूक होते म्हणून."

"खबरदार!" मामा ओरडले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तेवढा पत्ता द्या."

"जाऊन बोलणार काय?" मामीने विचारलं.

"काही नाही. बसेन. तो चहाला उठला की वायरी बदलेन."