मापाचा ओढा

३ फेब्रुवारी. जीव एकूण एकोणीस.

पांढऱ्या ट्रेमध्ये वळवळणाऱ्या त्या जिवांपैकी बहुतेक लाल अळ्या होत्या. गाळात आणि घाणीत तग धरणाऱ्या. केवळ निर्मळ, वाहत्या पाण्यात जगणारी दोन शेपट्यांची अळी त्यांत एकही नव्हती. कार्यालयात जिला सगळे किडेबाई म्हणत, ती गुडघाभर पाण्यात पुन्हा उतरली. जाळी प्रवाहाला आडवी धरायची, तिच्यापुढचा तळ पायाने ढवळायचा आणि वाहून येईल ते मोजायचे. निम्मे आयुष्य तिने हेच केले होते. या वेळीही जाळीत लाल अळ्याच आल्या.

हा ओढा मापाचा होता. जंगलातून येणारा, माणसाचा हात न लागलेला असे धरून त्या टापूतील इतर सर्व ओढ्यांची प्रकृती याच्याशी ताडून ठरे. याच्यातले बहुतेक प्रकार दुसऱ्या ओढ्यात आढळले, की त्याला 'चांगला' असा शेरा मिळे.

कार्यालयात परतल्यावर तिने या ओढ्याचे दरसालचे नमुने ठेवलेल्या स्पिरिटच्या बाटल्या फळीवरून उतरवल्या आणि वर्षांच्या क्रमाने टेबलावर मांडल्या. पहिल्या बाटलीत दोन शेपट्यांच्या अळ्यांची दाटी होती. पुढे त्या विरळ होत गेल्या आणि मग संपल्या. कोणत्याही एका वर्षी डोळ्यांत भरावे इतके काही घडले नव्हते. माप दरसाल थोडे झिजत होते आणि ती दरसाल त्याच मापाने, प्रामाणिकपणे, मोजत होती.

"अहो किडेबाई, वरचं जंगल तोडून किती वर्षं झाली!" साहेब म्हणाले. "ओढा काय तुमच्यासाठी सोवळं नेसून बसणार?"

"मग मापाला तोच का ठेवला?"

"दुसरा उरलाय कुठे?"

"मागचे शेरे रद्द करावे लागतील."

"आपलंच हसं होईल."

"होऊ दे."

हसण्याचे भय तिला नव्हते. तिला भय होते एकाच घराचे. तिची थोरली बहीण रंगाच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या एका ओढ्याकाठच्या वस्तीत राहत असे. "आलीस? जेवलीस का?" असे तिला विचारणारे जगात तेवढेच एक दार होते, सुट्टीच्या दिवशी ती तिथेच जाई. वस्ती कारखान्याविरुद्ध तक्रार करायला निघाली, तेव्हा वस्तीच्या ओढ्याला तिनेच 'चांगला' म्हटले होते आणि ताईने तेवढ्या शब्दावर लोकांना थोपवले होते.

ताई मागच्या अंगणात भांडी घासत होती.

"ये गं. त्या चिखलाच्या चपला बाहेर काढ आधी."

"ताई, हे पाणी चांगलं नाही. तेव्हाही नव्हतं."

ताईचा हात थांबला. "तेव्हा तर छातीठोकपणे सांगितलंस."

"ज्याच्याशी ताडलं तो ओढाच बिघडलेला होता. माझ्या ध्यानात आलं नाही."

"अगं, वाणीसुद्धा वर्षातून एकदा वजनं तपासून घेतो!" ताईने घासणी आपटली. "तुझ्यापायी शेजारणीशी बोलणं टाकलं मी. बहिणीची री ओढतेस म्हणाली होती. आता कोणत्या तोंडानं जाऊ तिच्याकडे?"

"मी जाते. घरोघर सांगते."

"सांग. पण माझ्या दारातून निघू नकोस. दोघींनी मिळून केलं म्हणतील." घासणी पुन्हा उचलून ती खालच्या आवाजात म्हणाली, "आणि इतक्यात येऊ नकोस."

किडेबाई पाठीमागच्या वाटेने वस्तीत शिरली आणि प्रत्येक उंबऱ्यापाशी तेच सांगत गेली. शेजारणीने सगळे ऐकून घेतले आणि दार लोटले.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशीही ती आपल्या भाड्याच्या खोलीत राहू लागली. एका ताटाचा स्वयंपाक करायची आणि खिडकीकडे पाठ करून जेवायची. ताईचा निरोप आला नाही. तिनेही तो मागितला नाही.

शेरे रद्द झाले. कारखान्याचे पाणी ओढ्यात येतच आहे. तिच्या शब्दावर गप्प बसून वस्तीने जी वर्षे गमावली, त्यांची भरपाई कोणीही केलेली नाही.