वरून ओतलेलं पाणी

माझी आय पाणी प्याली, म्हणून सगळं प्रार्थनामंदिर हसलं.

इंदापुरातला रविवार होता. सन तीस-पस्तीसच्या दरम्यानची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस. आय वरकुट्याहून अंधारातच निघून चालत आली होती. पोटात अन्न नाही, पाणी नाही. बाप्तिस्मा उपाशीपोटी घ्यायचा, असं तिचं तिनंच ठरवलेलं. एकादशीसारखं. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण एवढी मोठी गोष्ट भरल्या पोटी कशी घ्यायची, असं तिला वाटलं. मी बारामतीच्या बोर्डिंगातून आदल्या दिवशीच आले होते. मॅट्रिक झाले होते. अंगावर इस्त्रीचं पांढरं पातळ होतं. आज आपली आय आपल्यातली होणार, म्हणून मी मागच्या चटईवर ताठ बसले होते.

पुढं बाकं. मागं चटया. बाकांवर कोण बसायचं, चटईवर कोण, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी दोघांचा बाप्तिस्मा होता. आधी शाळेतल्या नव्या मास्तरांचा. ते ब्राह्मणाचे. त्यांचे दोन भाऊ दाराबाहेर उभे राहून बघत होते. पाळकसाहेबांनी चांदीच्या गडूतलं पाणी ओंजळीत घेतलं, मास्तरांच्या डोक्यावर घातलं, आणि तो ओला हात तिथंच, केसांवर, कितीतरी वेळ ठेवला. प्रार्थना संपल्यावर त्यांना उठवून छातीशी धरलं. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. माझेही.

मग आय.

ती गुडघ्यावर बसली. डोक्यावरचा पदर मागं घेतला. सकाळी तिनं केसांना तेल लावलं होतं. मान वर करून ती साहेबांकडं बघत राहिली. त्यांनी गडू उचलला. ओंजळ केली नाही. हात लांब केला, गडू तिच्या डोक्याच्या वर चांगला हातभर उंच धरला, आणि स्वतः एक पाऊल मागं सरकून तो कलता केला.

आयनं काय बघितलं? उंच धरलेलं भांडं. मागं सरकलेला माणूस. वरून येणारी धार. जन्मभर तिनं तेच बघितलं होतं. पाटलाच्या विहिरीवर, वाण्याच्या ओट्याखाली, बाजारात. तिचे हात आपोआप वर आले. ओंजळ तोंडाशी लागली. आणि ती घटाघटा पाणी प्याली.

आधी बाकांवरून कुणीतरी फिसकन हसलं. मग बायका तोंडाला पदर लावून. मग सगळे. चटईवरचे आमचे लोकही हसले. बाकं हसली म्हणून हसले. दारातले ते दोघे भाऊ तर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. एक जण मोठ्यानं म्हणाला, "अहो, हिला प्रपा वाटली, पाणपोई!"

आयला वाटलं, अजून पाणी यायचंय. ती ओंजळ तशीच धरून बसली.

पाळकसाहेब पांढरेफटक पडले. गडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ऊठ. हिला संस्काराचा अर्थच कळलेला नाही. बाप्तिस्मा झाला नाही, असं मंडळीनं समजावं."

त्यांनी रुमालानं हात पुसले. हाताला काही लागलं नव्हतं. तरी पुसले. एकेक बोट वेगळं काढून. त्या रुमालाची घडी आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आयला बाप्तिस्मा का हवा होता, ते सांगते. माझ्या वडलांनी तो आधीच घेतला होता. ते पटकीत गेले आणि इंदापूरच्या ख्रिस्ती कबरस्तानात त्यांना मूठमाती मिळाली. आय तेव्हा तयार नव्हती. घरचे देव कसे टाकायचे, म्हणाली. पुढं तिच्या छातीचं दुखणं वाढलं. खोकताना रक्त पडू लागलं. तेव्हा ती शिकवणीला बसायला लागली. तिथं सांगायचे, पाण्यानं पापाची क्षमा होते, क्षमा झालेले एकीकडं जातात, न झालेले दुसरीकडं. आयनं त्यातून एकच गोष्ट धरली. मला म्हणाली, "म्हंजी तुजा बा येकीकडं आन् मी येकीकडं? असं न्हाय चालायचं, बाय."

एवढंच होतं तिचं. स्वर्गाचं तिला काही पडलं नव्हतं.

परत जाताना वाटेत ती म्हणाली, "मी काय चुकले गं? त्येनं वतलं, मी प्याले."

मला राग आला होता, आणि तो कुणाचा आला होता ते कळत नव्हतं. थोडा आयचाही आला होता. ते कळल्यावर मला स्वतःचीच घाण वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेले. बंगल्याच्या आवारात आड होता. गडूतलं पाणी त्याच आडाचं. आमच्या लोकांना त्या आडाच्या रहाटाला हात लावायची परवानगी नव्हती. प्रार्थनेला आलं की साहेबांचा गडी वरून ओतायचा, आम्ही खाली घागर धरायचो. कितीदा तरी मीही धरली होती. त्या सकाळी ओसरीच्या पायरीशी उभी असताना मला ते पहिल्यांदा दिसलं. पाप धुवायला हे पाणी चालतं. पण ते काढायला आमचा हात चालत नाही. मी कठडा धरून उभी राहिले.

पाळकसाहेब शांतपणे बोलले. ते वाईट माणूस नव्हते, असं पुष्कळ लोक म्हणतात. म्हणोत.

"मुली, त्या मास्तरांचे भाऊ बघत होते. तसे लोक आता कुठं आपल्याकडं वळू लागलेत. एकदम सगळं दाखवलं तर बिचकतील."

"सगळं म्हणजे काय, साहेब?"

त्यांनी आडाकडं नजर वळवली.

"माझ्या आयच्या डोक्याला तुमचा हात लागणं?"

"तुझ्या आईनं सहा महिने पुन्हा शिकवणीला बसावं. मग मंडळीपुढं उभं राहून चूक कबूल करावी. मग बघू."

"ती सहा महिने जगणार नाही."

"प्रभूची इच्छा."

"मग तिच्या पापांची क्षमा होणार नाही?"

"पाण्यावाचून क्षमा नाही."

मी बोर्डिंगात शिकलेली मुलगी. शास्त्र मला त्यांच्याइतकं नाही, पण येत होतं. मी म्हटलं, "प्रभूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला तो चोर. त्याला प्रभूनं जवळ घेतलं. त्याच्या डोक्यावर कुणी पाणी ओतलं होतं?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "तुला कॉलेजात जायचंय ना? शिफारस माझ्याकडूनच जाते. ठाऊक आहे ना?"

हे त्यांचं उत्तर. माझ्या प्रश्नाला त्यांनी आजवर दुसरं उत्तर दिलेलं नाही.

बारामतीला आमच्या बोर्डिंगच्या बाई होत्या. मला अक्षर त्यांनी शिकवलं. डोक्यातल्या उवा त्यांनी स्वतःच्या बोटांनी काढल्या. माझ्या डोक्याला परक्या माणसाचा हात लागला तो त्यांचा पहिला. त्यांच्यापुढं मी रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांच्याशी भांडू नकोस. मरणाच्या वेळी पाळक नसला तर कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतं. तसा नियम आहे. वेळ आली तर तूच घाल पाणी."

वेळ आली. पावसाळा लागायच्या आधीच आली.

दुपार होती. आय खोपटात पडून होती, तोंडावर माश्या बसत होत्या. चुलते दाराशी बसले होते. त्यांना मी तात्या म्हणायचे. मी पाटाचं पाणी भरून आणलेला तांब्या तिच्या उशाशी ठेवला आणि बाईंनी सांगितलेलं तिला समजावून सांगितलं.

ती तांब्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "खरं सांग. ह्ये न्हाय पडलं डोसक्यावर, तर देव मला तुज्या बाकडं जाऊ देनार न्हाय?"

मला शिकवलेलं सगळं आठवलं. मी म्हटलं, "देईल, आय."

"शाळंत असं शिकीवत्यात?"

"नाही."

"मग तू कशी म्हंतीस?"

"देव पाळकसाहेबांसारखा असेल, असं मला वाटत नाही."

ती हसली. खोकला आला. तो ओसरल्यावर छपराकडं बघत म्हणाली, "पाप केल्याली हायती मी. न्हाय म्हनत न्हाय. तू ल्हान व्हतीस तवा पाटलाच्या खळ्यातनं वटीभर जुंधळं आनलं. सासूला शिव्या घातल्या. मरंस्तवर घातल्या. सांगितल्याली हायती समदी देवाला. तुजा बा गेल्यापून रोजच सांगती. त्येनं काय ऐकलं नसंल व्हय?"

"ऐकलं असेल."

"मग त्यो सायब मधी कशापायी?"

दाराशी तात्या म्हणाले, "वैनी, गप पडा. लेक सांगती तसं करा. जागा मिळंल दादाशेजारी."

"जागंचं हुईल न्हाय हुईल. न्हाय मिळाली तर त्योच यील हिकडं. जित्तेपनी कवा घरात टिकला, त्ये आता टिकतूय?" असं म्हणून तिनं हात पुढं केला. "आन त्यो तांब्या. तान लागलीया."

मी सवयीनं तांब्या वर उचलला. बघा, माझाही हात वरच गेला. तिनं मान हलवली.

"वरनं नगं. हातात दे."

मी तिला बसतं केलं. तिनं दोन्ही हातांनी तांब्या धरला, काठाला ओठ लावले, आणि सावकाश प्याली. पाणी गळ्यावरून छातीवर सांडलं. पिऊन झाल्यावर तांब्या मांडीवर धरून बसली. मी तिच्या डोक्यावर पाणी घातलं नाही. तिनं मागितलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बैलगाडीत घालून इंदापूरला नेलं. तात्यांचा हट्ट. कबरस्तानाच्या फाटकाशी पाळकसाहेब उभे होते. मागं बाकांवरचे चार लोक. नवे मास्तरही होते, खाली बघत होते. वडलांची कबर फाटकातून दिसत होती. तिच्या शेजारची जागा मोकळी होती.

पाळकसाहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "मरायच्या आधी पाणी घातलंस का?"

त्यांना बाईंनी कळवलं असावं. आता ती वाट माझ्यासाठी उघडी होती. हो म्हटलं की फाटक उघडणार. आय वडलांशेजारी. शिफारस कॉलेजात. तात्या माझ्या कानाशी पुटपुटले, "व्हय म्हन की, पोरी. कोन बघाय आलंय? मेल्यालं मानूस सांगतंय व्हय?"

एक शब्द होता. खोटा, पण एकच.

मी पाळकसाहेबांच्या हाताकडं बघितलं. खिशातून तोच रुमाल डोकावत होता. मला वाटलं, हो म्हटलं, तर माझ्या आयच्या अंगाला पाप होतं आणि ते मी धुतलं, असं होईल. ओंजळ करून प्याली ते पाप. सर्वांनी हसावं असं पाप. आणि मागं सरकून वरून ओतणारा तो निर्मळ. ते चौघे निर्मळ. बाकं निर्मळ. हे सगळं मी एका शब्दात कबूल केल्यासारखं होईल.

"नाही," मी म्हटलं. "घातलं नाही. ती प्याली. हातात तांब्या घेऊन प्याली."

"मग इथं जागा नाही."

"मागत नाही."

तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला. गाडी वळवताना बैल अडले, तर त्यांनी मला द्यायच्या शिव्या बैलांना दिल्या. वरकुट्याला, महारवाड्यामागं, पाटाच्या कडेला आम्ही तिला पुरलं. प्रार्थना मीच म्हटली. तिच्यात क्षमेचा शब्द मी घातला नाही.

माझी शिफारस गेली नाही. बाईंनी दुसरीकडून खटपट केली, स्वतःच्या ओळखीच्या घरी पुण्याला माझी सोय लावली, म्हणून मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली. बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण त्यांनीही मला भांडू नकोस असंच सांगितलं होतं, तेही विसरणार नाही.

लोक मला अजून विचारतात, बाई, बाप्तिस्म्यावाचून पापाची क्षमा होते का? शिकलेले विचारतात, पुस्तकं घेऊन येतात. मी त्यांना म्हणते, आधी सांगा, तुम्ही पाणी कसं देता. भांडं हातात देता, की वरून ओतता? जो वरून ओततो त्याच्याशी मी क्षमेबद्दल बोलत नाही. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर त्यानं आधी स्वतःची मागावी. माझ्या आयच्या कबरीशी येऊन मागावी. ती देईल की नाही मला ठाऊक नाही.

मी देणार नाही.