काकडीतली साखर

श्री. कमळाकर विष्णू टिपणीस, सेवानिवृत्त कार्यालयीन अधीक्षक, राहणार रोडपाली. विधुर. अपत्य एक, कन्या, विवाहयोग्य. संपूर्ण सेवाकाळ खातेनिहाय चौकशीच्या टेबलावर. घडलेल्या चुकीची जबाबदारी निश्चित करणे व संबंधितास ती कळवणे, या कामात हातखंडा. त्यांच्या हातून एकही प्रकरण अनिर्णित राहिलेले नाही.

अशा माणसाने एका रविवारी सकाळी फ्रीजमधून दह्याचं गाठोडं बाहेर काढलं.

कारण तसंच होतं. सईचं निनादशी जवळजवळ ठरलं होतं आणि निनादची आई, अरुंधतीबाई, खारघरहून जेवायला येणार होत्या. मागच्या भेटीत बाई ग्रीसच्या सहलीबद्दल बोलल्या होत्या. तिथल्या गार, घट्ट दही-काकडीच्या चटणीबद्दल तर जरा जास्तच. "तशी चव इथे नाही हो जमायची," असंही म्हणाल्या होत्या. ते वाक्य कमळाकररावांनी मनाला लावून घेतलं. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. ग्रीक दही म्हणजे आपला चक्काच, हा शोध लागल्यावर ग्रीस त्यांना एकदम आटोक्यात आल्यासारखं वाटलं.

काकडी किसून, मीठ लावून त्यांनी ती घट्ट पिळली. लसूण ठेचला. शेपू बारीक चिरला. आयुष्यभर ज्या भाजीला नाक मुरडलं, ती परदेशी पदार्थात गेल्यावर बरी लागेल अशी त्यांना आशा होती. मग चक्का फेटायला घेतला. हे काम या घरात पहिल्यापासून त्यांचंच. दर पाडव्याला बायको चक्का आणि साखरेचा डबा एकदमच पुढ्यात ठेवायची. ती गेली, डबा त्याच जागी राहिला. विहीणबाईंशी काय बोलायचं याची कमळाकरराव मनातल्या मनात उजळणी करत होते आणि हात आपलं काम करत होते.

पलीकडे मैना चपात्या लाटत होती. स्वयंपाकाला उलव्याहून यायची, हाताने चलाख आणि तोंडाने फटकळ.

"काका, चाखून तरी बगा."

"नैवेद्याच्या आधी चव घेत नाहीत, मैना."

"नैवेद? कोनाला?"

"विहीणबाईंना."

"मंग सांबाळा तुमची देवी," मैना म्हणाली आणि पुढची चपाती तव्यावर टाकली.

वाटी फ्रीजमध्ये गार झाली आणि तिथून थेट टेबलावर गेली. अरुंधतीबाईंनी चपातीचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि त्या थांबल्या. निनादने पाण्याचा पेला उचलला.

"बाबा, हे गोड आहे," सई म्हणाली.

कमळाकररावांनी बोट बुडवून चाखलं. लसूण, शेपू आणि श्रीखंड. डबा, डाव, साखर पडतानाचा आवाज, सगळं त्यांच्या हाताला एकदम आठवलं.

"कुणी केलंय हो?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"मैनाने. आमच्या स्वयंपाकाच्या बाई. सांगून थकलो."

'सांगून थकलो' म्हणायची काही गरज नव्हती. ते त्यांनी आपणहून जोडलं.

मैना गरम चपात्या घेऊन दारातच उभी होती. तिने कमळाकररावांकडे पाहिलं, मग सईकडे.

"चुकलं बाई माजं," ती म्हणाली. "चक्का दिसला का हात साखरंवरच जातो."

सगळे हसले. जेवण निभावलं. कमळाकररावांना पुढे कशाचीच चव लागली नाही. वरणभात त्यांनी मान वर न करता संपवला. लिफ्टपाशी अरुंधतीबाई हळूच म्हणाल्या, "बाई बदला हो, कमळाकरराव."

"बघतो," ते म्हणाले.

पाहुण्यांना सोडायला सई खाली गेली, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "मैना, मघाशी माझ्याकडून..."

"जाऊ द्या काका. पोरीचं जमत व्हतं, मी कशाला मधी कडमडू?" ती भांडी विसळत म्हणाली. "आनि मला काय त्या बाईची सून व्हायचं नाय."

त्यांना हसू आलं, आणि हसल्याची लाज वाटली.

"पन येक करा. त्यांना फोन करून सांगा, साकर तुमी घातली म्हनून. त्यांच्याच सोसायटीत मी दोन घरं धरनार हाय. तितं माजं नाव असं जायला नको."

"करतो. आजच करतो."

संध्याकाळी सई खुशीत होती. निनादच्या आईंना घर आवडलं होतं, आणि मैनामावशींचा किस्सा सांगून त्या सगळ्यांना हसवत होत्या. कमळाकररावांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. साखरपुडा होऊ दे, मग सांगू. साखरपुडा झाला. लग्न पार पडू दे. तेही पार पडलं. आता इतक्या उशिरा सांगणं बरं दिसणार नव्हतं.

मैना अजून येते. खारघरची घरं तिला मिळाली नाहीत. का, ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. यंदाच्या पाडव्याला तिने चक्का त्यांच्या पुढ्यात ठेवला, शेजारी साखरेचा डबा ठेवला आणि झाकण स्वतःच उघडून दिलं.

"घाला काका. तुमच्या हातानं."

त्यांनी घातली. अरुंधतीबाईंना फोन अजून केलेला नाही.